दोन वायरींचं काम

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बदलायचं घरात ठरलं की कुणीतरी म्हणतंच, "त्यात काय आहे, दोन वायरींचं तर काम!" असं म्हणणारा सहसा स्टुलावर चढणार नसतो. तरी त्याचं म्हणणं खोटं नाही. पंख्यातून दोन वायरी येतात, भिंतीतून दोन येतात, आणि दोनाला दोन जोडायला पाच मिनिटं रग्गड होतात. माझा वाद त्या पाच मिनिटांशी नाहीच. त्याआधी तासभर जो संशय घ्यावा लागतो तेच खरं काम, आणि ते आपल्याला जमत नाही, एवढंच माझं म्हणणं. आपण भरवशाची माणसं. दूधवाल्याचं माप, स्थळ सांगणाऱ्याने सांगितलेला मुलाचा पगार, बिल्डरने कागदावर दाखवलेली बाग, सगळं आपण मान डोलावून घेतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. पण मध्यमवर्गीय मराठी घरात ते पाळण्याची सक्ती असलेली जागा एकच, बाथरूममध्ये ठेवलेलं स्टूल. इतरत्र श्रद्धा खपून जाते. मोबाइलवर आलेला काढा प्यायला तर फार तर तोंड कडू होतं. इथे मात्र "बंद केलंय ना?" "हो, हो, केलंय" या दोन वाक्यांच्या आड २३० व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

संशयाची सुरुवात पंख्याच्या मृत्यूपासूनच करावी. "पंखा गेला" हा निकाल घरात बहुधा पंचनामा न करताच लागतो. बटण दाबल्यावर पंखा नुसता गुणगुणत असेल आणि कुणी झाडूच्या काडीने ढोसल्यावर फिरू लागत असेल, तर पंखा गेलेला नाही, त्याचा कंडेन्सर गेलाय. बटण बंद असताना पातं बोटाने फिरवलं आणि ते करकरत अडलं, तर वाफ आणि धूळ यांचा चिकट राप बुशपर्यंत पोचलाय. त्याला साफसफाई आणि तेलाचे दोन थेंब हवे आहेत, निवृत्ती नको. हूं की चूं काहीच होत नसेल तर आतला थर्मल फ्यूज उडाला असेल, किंवा बिचाऱ्यापर्यंत वीजच पोचत नसेल. बटण खराब असतं, प्लगमधली वायर सुटलेली असते, आणि शिक्षा पंख्याला होते. एवढी चौकशी करूनही नवा घ्यायचाच ठरला, तर दुकानात तो लावून बघावा. मुंबईत लोहार चाळीत काय किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास काय, दुकानदार पंखा काउंटरवर फिरवून दाखवतो. फक्त "सहा इंची द्या" असं म्हणून निघून येऊ नये. सहा इंच हे पात्याचं माप आहे, भिंतीतल्या भोकाचं नव्हे. भोक त्याहून मोठं लागतं आणि किती मोठं, हे प्रत्येक कंपनी स्वतंत्र बुद्धीने ठरवते. जुना सहा इंची काढून नवा सहा इंची बसवायला गेलेला माणूस शेवटी प्लायवूडची पट्टी शोधत माळ्यावर चढतो ते यामुळेच.

आता बटण. बटण बंद म्हणजे वीज बंद, ही आपली सर्वांत जुनी वैज्ञानिक अंधश्रद्धा. पंख्याला फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी लागतात आणि बटण फेजवर असावं असा दंडक आहे. ते चुकून न्यूट्रलवर बसलं तरीही पंखा आज्ञाधारकपणे सुरू होतो आणि आज्ञाधारकपणे थांबतो. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. फरक इतकाच की थांबलेल्या पंख्याच्या वाइंडिंगमध्ये फेज तशीच उभी असते आणि पंखा थांबलाय म्हणून आपण निर्धास्त हात घालतो. बरं, यात पंख्याची साक्षही उपयोगाची नाही. बऱ्याच जणांना वाटतं की वायरी उलट्यासुलट्या लागल्या तर पंखा उलटा फिरेल आणि चूक आपोआप कळेल. तसं काही होत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. एवढी चंचल वीज पचवणाऱ्या मोटारीला फेज कुठल्या वायरीतून आली याचं सोयरसुतक नसतं. हवा बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागली तर ती बव्हंशी पंखा पाठीवर पोट करून बसवल्याची खूण असते. वायरींची अदलाबदल पंख्याला कळत नाही, ती कळते फक्त हात लावणाऱ्याला.

बटणावर विश्वास नाही, मग रंगावर ठेवावा का? आपल्याकडची जुनी रीत म्हणजे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. उपकरणाच्या दोऱ्यांमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशी दुसरी त्रिमूर्तीही दिसते. हे सगळं छापील आहे. भिंतीतून प्रत्यक्ष बाहेर येतं ते, वायरिंग झालं त्या दिवशी ज्या गुंडाळीत वायर शिल्लक होती तिच्या रंगाचं. गीझरच्या कामातून उरलेली लाल, पुढे ती पुरली नाही म्हणून तिला गाठ मारलेली पिवळी, आणि त्या गाठीवर काळी टेप. हिरवी असलीच तर ती तोडून आत सारलेली. त्यामागचा युक्तिवाद बिनतोड असतो: "तिच्याशिवायही पंखा चालतो." चालतोच. अर्थिंगची वायर जन्मभर काही करत नाही आणि ज्या एका दिवशी तिला काम पडतं त्या दिवसाची वाट बघण्याइतका धीर कुणाला नसतो. बाहेरून धातूचा पंखा असेल तर ती हवीच. प्लगच्या तीन पिनांत अर्थिंगची पिन जाड आणि लांब ठेवली आहे ती उगीच नव्हे. ती आधी आत जाते आणि शेवटी बाहेर येते, म्हणजे फेज येण्याआधी संरक्षण हजर. हे डिझाइन करणाऱ्याला माणसाचा स्वभाव माहीत असावा. फक्त पक्कड घेऊन तीच पिन उपटणारे लोकही जगात असतात, एवढं त्याच्या लक्षात आलं नाही.

राहता राहिला टेस्टर. मराठी घरात टेस्टर असतोच. त्याने पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडतात, चष्म्याची दांडी पिळतात, सायकलच्या ब्रेकचा स्क्रू आवळतात, आणि वर्षातून एकदा वीज तपासतात. त्याच्या पोटात निऑनचा इवलासा दिवा आणि त्याच्यामागे जबरदस्त मोठा रोध असतो. आपण टोपणावर बोट ठेवलं की नगण्य प्रवाह आपल्या अंगातून जातो आणि दिवा लागतो. म्हणजे या साक्षीदाराची साक्ष आपल्याच शरीरातून जाते. आपण कोरड्या स्टुलावर रबरी चपला घालून उभे असलो तर तो मिणमिणतो, व्हेंटिलेटरमधून ऊन येत असेल तर मिणमिणलेला दिसत नाही, आणि आतला दिवा मेलेला असेल तर सगळ्याच वायरी बिनविजेच्या ठरतात. टेस्टर "आहे" म्हणाला तर मानावं, "नाही" म्हणाला तर मानू नये, अशी ही एकतर्फी साक्ष आहे. म्हणून जाणकार आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर घालून तो जिवंत आहे ना ते बघतात, मग पंख्याची वायर तपासतात, आणि पुन्हा त्या सॉकेटकडे जाऊन तो मधल्या काळात वारला नाही ना, याचीही खात्री करतात. (त्यासाठी एक सॉकेट चालू लागतं, हे मेन स्विच पाडून बसलेल्या माणसाला उशिरा सुचतं.) कधी कधी टेस्टर दोन्ही वायरींवर लागतो. तेव्हा घरात "दोन्हीत करंट आहे!" असा ओरडा होतो आणि कुणीतरी महावितरणला दोष देतं. खरं कारण साधं असतं. न्यूट्रल कुठेतरी तुटलेली असते आणि कुठल्यातरी चालू उपकरणातून फिरून फेजच तिच्यात येऊन बसते. रंगाने न्यूट्रल, हक्काने न्यूट्रल, आणि तरी तिला शिवायची सोय नाही. म्हणून जुने वायरमन होल्डरला दोन वायरी लावून साधा बल्ब घेऊन फिरतात. बल्ब लागायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही खऱ्या लागतात. त्याला भास होत नाहीत.

इथे एक आक्षेप हमखास येतो. एवढासा पंखा, तीस वॉटचा, त्यात असून असून करंट किती असणार? हिशेब करू. तीस वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. आणि माणसाला वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी किती गळतीला घर बंद करतो? तीस मिलिअँपिअरला. म्हणजे या चिमुकल्या पंख्याचा खुराक धोक्याच्या रेषेच्या चौपट आहे. शिवाय अंगातून किती वीज जाईल हे पंखा ठरवतच नाही. ते २३० व्होल्ट आणि आपली कातडी यांच्यात ठरतं. ओल्या कातडीचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो, आणि बाथरूम ही अंग ओलं करण्यासाठीच बांधलेली खोली आहे. "पण आमच्याकडे एमसीबी आहे" हे उत्तरही पुरत नाही. सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणूस जळण्याला लागणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नाही. आरसीसीबी मात्र गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ताळा जुळवतो आणि मध्ये गळती दिसली की पडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते अधूनमधून दाबून यंत्र जागं आहे का ते बघायचं असतं. आपण त्याला रेल्वेच्या साखळीइतकाच मान देतो. घर घेतल्यापासून कुणी हात लावलेला नसतो. आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर हा सज्जनही गप्प बसतो, कारण त्याचा ताळा तंतोतंत जुळलेला असतो. मध्ये बल्ब आहे की घराचा कर्ता पुरुष, हे त्याला समजत नाही.

तेव्हा मेन स्विच पाडणं हाच मार्ग. बोर्डावरच्या एमसीबींना नावं दिलेली असतात म्हणून नेमका बाथरूमचाच पाडू, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती नावं एकदा वाचावीत. 'हॉल', 'किचन', 'स्पेअर', आणि एकावर पेन्सिलने 'सुनीलची खोली'. घरात सुनील नावाचं कुणी नसतं, तो आधीच्या मालकांचा मुलगा. म्हणून सगळंच पाडायचं. पण पाडलेला मेन पाडलेलाच राहील यावरही विसंबून चालत नाही, कारण घरात माणसं असतात. कुणाचं दूध फ्रिजमध्ये असतं, कुणाचा मोबाइल चार टक्क्यांवर आलेला असतो, कुणी नुकतंच बाहेरून येऊन "अरे, मेन कसा पडला?" म्हणत परोपकारबुद्धीने तो वर करतं. कारखान्यांत अशा वेळी स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवतात. घरगुती बोर्डाला कुलूप सापडणं कठीण, पण आजी सापडते. तिला बोर्डासमोर खुर्ची टाकून बसवावं आणि "आजी, मी सांगेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस" एवढं सांगावं. जगातलं कुठलंही कुलूप इतक्या जणांना इतके प्रश्न विचारत नाही. दुसरा माणूस टॉर्च धरायला लागतो, कारण मेन पाडला की बाथरूममध्ये अंधार होतो. हा माणूस पहिली दोन मिनिटं प्रकाश वायरींवर धरतो, मग बोलता बोलता तो आपल्या डोळ्यांवर येतो, आणि मेसेज आला की छताकडे जातो.

यावर शहाणी माणसं विचारतील की हा उपद्व्याप हवा कशाला, वायरमनला बोलवा. शिवाय हे काम घरच्याने करणं कायद्यात बसतं का? कायद्याचं उत्तर अनपेक्षितपणे उदार आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम विजेची कामं परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यायला सांगायचा, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं बदलण्याचं काम त्यातून वगळायचा. अट एवढीच की वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली नवे विनियम केले तेव्हाही ही सवलत ठेवली. म्हणजे आहे त्या जागी पंखा बदला, सरकारची हरकत नाही. गीझरच्या पॉइंटमधून नवी वायर ओढून पंखा भलतीकडे लावायचा असेल तर मात्र ते बदलणं राहत नाही. वायरमनबद्दल म्हणाल तर त्याच्याविषयी मला आदर आहे. आयटीआयत या धंद्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि ती दोन वर्षं वाया जात नाहीत. अडचण अशी की एका पंख्यासाठी तो "संध्याकाळी बघतो" म्हणतो आणि ती संध्याकाळ कुठल्या महिन्यातली, ते सांगत नाही. आल्यावर "मेन कशाला पाडता, चालूवरच करतो" म्हणाला तर त्याला चहा द्यावा आणि मेन आपण पाडावा. पण एका बाबतीत त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. कुठल्याही घरात, कुठलाही पंखा खाली उतरवल्यावर, वायरमनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हे कुणी केलंय?" आधीचं काम त्याच्याच भावाने केलेलं असलं तरी. लोकांना हा अहंकार वाटतो. मला तो या धंद्यातला सगळ्यात सुरक्षित मंत्र वाटतो; या वाक्यानंतर तो कुठल्याही रंगावर, गाठीवर, टेपवर विश्वास ठेवत नाही. (आपणही घरी काम करताना तो म्हणावा. फक्त मागच्या वेळी वडिलांनी केलेलं असेल तर मनात.)

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: मोरीला कधी पंखा होता का? खिडकी उघडा. मोरीला पंखा नव्हता हे खरं, पण मोरीला वरून कौलं आणि बाजूने फटीच फटी होत्या. आजच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणाऱ्या काचेच्या चार पट्ट्या, आणि त्या डक्टमध्ये सात मजल्यांचे पंखे हवा ओतत असतात. कोकणातले लोक म्हणतील, जुलैत बाहेरचीच हवा ओली, पंखा काय ओल्याच्या बदल्यात ओलंच आणणार. इथे मात्र पंख्याची बाजू घ्यावी लागते. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर ३५ अंशांची वाफाळलेली हवा घनमीटरला साधारण ४० ग्रॅम पाणी बाळगते. बाहेरची २५ अंशांची हवा चिंब असली तरी २३ ग्रॅमच्या वर जात नाही. पंखा चालवला तर फायदाच आहे, अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तरी. मात्र त्याला आत येणारी हवा लागते, आणि ती दाराखालच्या फटीतून यायला हवी. आपण करतो ते उलटंच. दार घट्ट लावतो, फटीत पायपुसणं सारतो आणि पंख्याशेजारची खिडकी उघडी टाकतो. पंखा मग त्या खिडकीतून हवा घेतो आणि वीतभर अंतरावरून बाहेर फेकतो. दिवसभर घरघरतो, आणि आतली वाफ तिथेच, आरशावर. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर इथे थट्टा थांबवावी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत हवा ओढणारा पंखा त्याच्या धुराड्यातून जाणारा वायू उलटा आत खेचू शकतो. पंखा आहे म्हणून गॅस गीझर आत चालेल, हा भरवसा सगळ्यात महागात पडणारा. गीझर बाहेर हवा, पंखा असो वा नसो.

हे सगळं झाल्यावर पाच मिनिटांचं काम उरतं. पीळ देऊन टेप गुंडाळू नये. वाफेने टेपचा गोंद सुटतो आणि महिन्याभरात ती केळीच्या सालीसारखी सोलून लोंबते. कनेक्टर वापरावा, तो डबीत बंद करावा, वायर थोडी ढिली ठेवावी म्हणजे पुढच्या वेळी पंखा उतरवताना ओढाताण होत नाही. बाहेरच्या बाजूला जाळी लावावी, कारण पंखा थांबला की ती जागा कबुतरांच्या लेखी वन-रूम-किचन असते. आजीला सांगून मेन वर करावा. पंखा फिरू लागला की वर्तमानपत्राचा तुकडा त्याच्या जाळीला धरावा. चिकटून राहिला तर हवा बाहेर जाते आहे, उडून तोंडावर आला तर सगळं सोडून पंखा उलटवावा. घरच्यांचं प्रशस्तिपत्रक एकाच शब्दाचं असतं, "वाजतोय." मग उतरवलेल्या पंख्याचं काय, हा प्रश्न येतो. भंगारवाला त्याचे फार देत नाही आणि मोटार तर चांगली असते. तो पुसून, पिशवीत बांधून माळ्यावर जातो. वायरीची दोन टोकं तेवढी पिशवीबाहेर लोंबत राहतात, म्हणजे पुढे कुणाला दिसावं की आत काय आहे.